वॉफलच्या साच्यात ज्वारी, नाचणी आणि भाजणी

(महिला मंडळाच्या रथसप्तमीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये झालेल्या भाषणाचे व प्रात्यक्षिकाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

‘आम्ही फक्त खायला आलोय’ असं सांगून मागच्या रांगेत बसलेल्या सगळ्या पुरुष मंडळींनो, खायला मिळणार आहे, पण आधी ऐकावं लागेल. साचा तापायला वेळ लागतो, तेवढ्यात मी बोलून घेते.

हा विषय कसा निघाला ते तुम्हाला माहीतच आहे. दिवाळीनंतरच्या आनंद मेळाव्यात मुलांनी वॉफलचा स्टॉल लावला आणि सगळ्यात लांब रांग तिथेच लागली. मिसळीच्या स्टॉलवरच्या काकू हात बांधून बघत होत्या! मग आठवडाभर आपल्या ग्रुपवर वाद. एक पक्ष म्हणाला, मैदा आणि साखर पुढच्या वर्षीपासून बंद करा. दुसरा पक्ष म्हणाला, वर्षातून एक दिवस तरी मुलांना खाऊ द्या. मी आयुष्यभर कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं, म्हणून कमिटीनं मला मध्ये घातलं. माझं मत सांगते. वर्षातून एक दिवस असेल तर दुसरा पक्ष बरोबर आहे. पण तो एक दिवस नाही. संध्याकाळी सात ते दहा गेटवर उभं राहा आणि डिलिव्हरीवाल्या मुलांच्या पिशव्या बघा, म्हणजे कळेल.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे मी लगेच हो म्हटलं. आमच्या मजल्यावर एक पाचवीतली मुलगी आहे. तिची आजी सोलापूरकडची, ज्वारीची भाकरी अशी करते की बघत राहावं. ही मुलगी घरी भाकरी आवडीनं खाते, पण डब्यात नेत नाही. का, तर वर्गात हसतात. भाकरी म्हणजे ‘गावाकडचं’. डबा तसाच परत येतो आणि बसमधून उतरल्यावर बिस्किटाचा पुडा फुटतो. आजीनं हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला विचाराल तर ज्वारीला असं वेष बदलून शाळेत जावं लागतं हे काही बरं नाही. पण मुलांची समजूत बदलायला वर्षं लागतात, आणि भूक तर रोज दहा वाजता लागते. तेव्हा आधी डबा रिकामा होऊ दे.

आता वॉफल म्हणजे काय? मी सरळ सांगते, वॉफल म्हणजे धिरडं. दोन्ही बाजूंनी एकदम भाजलेलं, जाड, खड्ड्यांचं धिरडं. युरोपात कित्येक शतकं लांब दांड्याच्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये पीठ दाबून चुलीवर धरायचे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ ला शेगडीवर ठेवून उलटता येईल अशा साच्याचं पेटंट घेतलं. पुढे विजेचे साचे आले. ‘बेल्जियन वॉफल’ हे नाव जगभर झालं ते १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनापासून. खुद्द बेल्जियममध्ये एकच प्रकार नाही. ब्रुसेल्सचं हलकं आणि चौकोनी, लिएजचं जाड आणि साखरेच्या खड्यांचं. नॉर्वेत तर बदामाच्या, म्हणजे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची करतात आणि आंबट सायीबरोबर खातात. म्हणजे त्यात काय घालायचं हे कुणी एकानं ठरवलेलं नाही. चकलीच्या सोऱ्याला जसं पीठ कुठलं हे कळत नाही, तसंच या साच्याचं आहे. मैदा घाला, मैद्याचं निघेल. भाजणी घाला, भाजणीचं निघेल.

आणि धान्याच्या बाबतीत आपण राहतो ती जागा बघा. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी पहिली कुटुंबं इथं आली तेव्हा आयटी पार्क उभा राहत होता, पण आजूबाजूला शेती होती. मुळशीचा आंबेमोहोर आजही नाव राखून आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे. तालुक्याच्या पश्चिमेला डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे, आणि आपल्या सोसायटीत सोलापूर, लातूर, बीडकडच्या निदान डझनभर आज्या आहेत ज्यांना पिठाला हात लावला की ज्वारी कुठली ते कळतं. साखरेचा कारखानाही फार लांब नाही म्हणा, कासारसाई-दारुंब्र्याला आहे! त्याची आठवण आपण जरा जास्तच ठेवतो.

आता थोडं शास्त्र, कंटाळा येणार नाही एवढंच. धान्याच्या दाण्याचे तीन भाग. वरचा कोंडा, आतला पिठूळ गाभा आणि टोकाला छोटासा अंकुर. मैदा म्हणजे फक्त गाभा. तंतू, लोह, ब जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, आणि तेच आपण काढून टाकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम मैद्यात तंतू पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहेत, तर कणकेत, ज्वारीत, बाजरीत आणि नाचणीत १० ते साडेअकरा ग्रॅम. जवळजवळ चौपट. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात आहे. बाकी कुठलंही रोजचं धान्य त्याच्या जवळपास येत नाही. बाजरीत लोह चांगलं. मात्र धान्यातलं लोह शरीराला सहज मिळत नाही, म्हणून सोबत लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट-ताजं हवं. भिजवणं, आंबवणं, मोड आणणं यानंही ते सुटं व्हायला मदत होते. आपल्या आज्या हे तक्ते न वाचता करत होत्या.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकारानं भरड धान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. तेव्हापासून दुकानात ‘मिलेट’ लिहिलेल्या पुड्यांचा पूर आलाय. इथं जरा सावध राहा. पुडा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनानं सर्वांत जास्त तो यादीत पहिला लिहायचा, असा नियम आहे. वॉफल मिक्सच्या पुड्यावर पुढे नाचणीचं चित्र, आणि मागे पहिला घटक गव्हाचं परिष्कृत पीठ, दुसरा साखर, नाचणी सातव्या नंबरला चिमूटभर! ‘मल्टिग्रेन’ या शब्दाचा अर्थ अनेक धान्यं एवढाच. ती अख्खी आहेत असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. परिष्कृत पीठ म्हणजे मैदाच, हे एकदा मुलांनाही सांगून ठेवा. त्यांना यादी वाचायला मजा येते, गुप्तहेर झाल्यासारखं वाटतं.

पीठ गिरणीतूनच आणा. आणि थोडं आणा. अख्ख्या पिठात अंकुराचं तेल असतं, ते हवेनं खवट होतं. बाजरीचं तर फार लवकर. आठ-दहा दिवसांत कडू लागायला लागते. मग पोरं म्हणतात, बाजरी कडूच असते. बाजरी कडू नसते, आपलं पीठ शिळं असतं. आठवड्यापुरतं दळा, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा. आणि चाळणी बारीक नको. कोंडा चाळून टाकायचा आणि मग तंतूंच्या गोळ्या विकत आणायच्या, हा उद्योग कशाला?

आता ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लूटेन नाही, म्हणून लोकांना वाटतं वॉफल जमणारच नाही. पोळी लाटायची असती तर अडचण होती. इथं पीठ ओतायचंय आणि साचाच त्याला धरून ठेवतो. त्यामुळे भाकरी थापता न येणाऱ्यालासुद्धा ज्वारीचं वॉफल येतं. (मागे कोण हसलं?) फक्त तीन गोष्टी पाळा. एक, भिजवलेलं पीठ वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा, कारण कोंडा पाणी हळू पितो. लगेच ओतलंत तर खाताना रवाळ, कोरडं लागतं. दोन, थोडी तांदळाची पिठी घाला, आंबेमोहोराची कणी दळून आणली तर फारच छान. त्यानं कुरकुरीतपणा येतो. तीन, तेला-तुपाला अगदीच हात आखडू नका. ‘हेल्दी’ म्हणून तेल शून्य केलं की वॉफल साच्याला चिकटतं, वर-खाली सोलून निघतं, आणि मग साच्यालाच शिव्या.

पहिला प्रकार लिहून घ्या, गोडाचा. वाटी म्हणजे आमटीची, साधारण दीडशे मिलिलीटरची. कोंड्यासकट कणीक एक वाटी, ज्वारीचं पीठ पाऊण वाटी, तांदळाची पिठी पाव वाटी. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, मीठ पाव चमचा, वेलची किंवा जायफळ. एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून, एक अंडं, तीन मोठे चमचे तेल किंवा पातळ तूप, आणि सव्वा वाटी ताक. केळं काळ्या ठिपक्यांचं असेल तर गूळ लागतच नाही. नसेल तर एक चमचा. पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं सैल. गुठळ्या राहिल्या तरी चालतील, फार घोटू नका, कणकेत ग्लूटेन आहे आणि घोटलं की वॉफल चिवट होतं. अंडं चालत नसेल तर जवस भाजून, कुटून, त्याची एक मोठा चमचा पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत होतं, तेच आपल्याला हवं असतं. संकष्टी, श्रावण, सगळं सांभाळलं जातं. मात्र अंड्याशिवाय एक-दीड मिनिट जास्त भाजा.

साचा आधी पूर्ण तापू द्या. पीठ ओतल्यावर झाकण लावा आणि हात मागे घ्या. बाजूनं वाफ येईल. वाफ जोरात येते आहे तोवर उघडायचं नाही. ती जवळजवळ थांबली की झालं, चार ते सहा मिनिटं. मधेच उघडून ‘बघू कसं झालंय’ केलं की त्याचे दोन तुकडे होतात, एक वर चिकटतो, एक खाली. काढलेलं वॉफल ताटात एकावर एक रचू नका, जाळीवर ठेवा. ताटात स्वतःच्याच वाफेनं मऊ पडतं.

दुसरा प्रकार नाचणीचा, आंबवलेला. अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी तांदूळ, अर्धा छोटा चमचा मेथ्या, चार-पाच तास भिजवून वाटायचं. त्यात दोन वाट्या नाचणीचं पीठ कालवून रात्रभर ठेवायचं. आत्ताच्या थंडीत बारा-चौदा तासही लागतात. बंद मायक्रोवेव्हमध्ये शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवलं तर लवकर फुगतं. सकाळी मीठ, दोन मोठे चमचे तेल, किसलेलं गाजर, कोथिंबीर. इथं सोडा नको, पावडर नको. इडलीएवढं घट्ट ठेवा. हे वॉफल डब्यात न्यायला उत्तम, कारण थंड झालं तरी रबर होत नाही. रंग काळपट येतो, मुलं नाक मुरडतात. त्यांना चॉकलेटचं आहे असं खोटं सांगू नका. पहिल्या घासाला पकडले जाल आणि मग पुढचं काहीच खाणार नाहीत.

आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यांत चांगला, तो थालीपिठाच्या भाजणीचा. अहो, जगभर ज्याला अख्ख्या धान्यांचं मिश्रण म्हणून विकतात ते आपल्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद, वर धणे-जिरे. डाळी असल्यामुळे प्रथिनंही येतात. दोन वाट्या भाजणी, अर्धी वाटी दही, साधारण दीड वाटी पाणी, दोन चमचे तेल, बारीक कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ. भाजणी भाजलेली असल्यामुळे पाणी जास्त ओढते, म्हणून वीस मिनिटांनी पुन्हा बघून सैल करा. कांदा अगदी बारीक, नाहीतर साच्याच्या खाचेत अडकून जळतो. भोगीला आपण तीळ लावून बाजरीची भाकरी करतो ना, तसे इथंही पीठ ओतण्याआधी साच्यावर तीळ भुरभुरवा. भाजल्यावर काय वास येतो!

आता जे कुणाला आवडणार नाही ते बोलते. वॉफलला खड्डे का असतात? पाक साठायला. पीठ कितीही चांगलं घेतलंत आणि ते खड्डे चॉकलेट सॉसनं भरलेत, तर सगळं मुसळ केरात. दोन मोठे चमचे सॉसमध्ये साधारण चार-पाच छोटे चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा छोट्या चमच्यांच्या आत ठेवायला सांगते. मग चहा कधी प्यायचा? आणि गूळ किंवा मध घातला म्हणजे सुटलो असं नाही. गुळात थोडी खनिजं आहेत, चव आहे, पण शरीराच्या हिशोबात ती साखरच. खड्ड्यांत दही भरा, शिकरण भरा, पपई, डाळिंबाचे दाणे, खजूर भिजवून वाटलेला थोडासा. तिखटाला शेंगदाण्याची चटणी नि दही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कुठल्याही रूपात नको, हे नव्या आयांनी लक्षात ठेवा.

आपल्या विंगमध्ये चाळिशीच्या आतल्या तिघांना साखरेची गोळी सुरू झाली आहे. रात्रीच्या शिफ्ट, दोन तास ट्रॅफिकमध्ये, जेवण अकराला. त्यातला एक मला म्हणाला, काकू, आता नाचणीचं वॉफल कितीही खाल्लं तर चालेल ना? नाही चालणार. बारीक दळलेल्या नाचणीच्या पिठानंही साखर वाढते. तंतू आहेत म्हणून मैद्यापेक्षा बरं, इतकंच. एक वॉफल, सोबत दही, उसळ किंवा अंडं, आणि मीटर काय म्हणतंय ते दोन तासांनी बघायचं. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायचं, मला नाही.

तसंच खपली गव्हाबद्दल. सातारा-सांगली-कोल्हापूरकडून येणारा खपली चवीला सुरेख आहे, वॉफल छान खुसखुशीत होतं. पण तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. ज्यांना सिलिअॅकचा आजार आहे त्यांना खपलीही चालत नाही. त्यांनी ज्वारीसुद्धा गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यावर दळून आणायची नाही. घरची छोटी चक्की असेल तर उत्तम.

नोकरी करणाऱ्यांसाठी शेवटची एक सोय. रविवारी दुप्पट करा. पूर्ण गार झाल्यावर मधे कागद घालून फ्रीझरमध्ये टाका. सकाळी न वितळवता थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर. बस यायच्या आधी पाच मिनिटांत डबा तयार. मायक्रोवेव्ह नको, त्यात मऊ लिबलिबीत होतं. आणि साचा विकत घ्यायची घाई करू नका. मंडळानं हा एक घेतलाय, वहीत नाव लिहून एका दिवसासाठी घरी न्या. धातूचा चमचा किंवा तारेची घासणी लावायची नाही. कोमट असताना ओल्या फडक्यानं पुसायचा, पाण्यात बुडवायचा नाही. परत करताना तेलकट असला तर मी फोन करणार आहे.

या वर्षीचं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे न देता अर्धा-अर्धा किलो ज्वारीचं पीठ ठेवलंय, कालच दळलेलं. जाताना घ्यायला विसरू नका, आणि पंधरा दिवस कपाटात ठेवू नका.

चला, साच्याचा दिवा हिरवा झाला. हे भाजणीचं पीठ इथं आहे, तीळ त्या वाटीत. पाचवीतली आमची मैत्रीण पहिलं ओतणार आहे, तिनं आजीबरोबर काल घरी करून बघितलंय. लहान मुलांनी आधी रांग लावा, पुरुषांनी त्यांच्या मागे. चटणी जरा तिखट आहे, छोट्यांसाठी दही वेगळं ठेवलंय.